नंदनलोकचा दुसरा टप्पा

केळुसकर दोन हार घेऊन फाटकाशी उभे होते. आम्ही तिघं गाडीतून उतरलो, दारं लावली, तरी ते काचेतून गाडीच्या आत बघत राहिले. अण्णा, माझे वडील, मागच्या सीटवर काहीतरी शोधत बसलेत असं त्यांना वाटलं असावं.

"आणि साहेब?" त्यांनी विचारलं.

"ते गेले," आई म्हणाली. "जानेवारीत. हार राहू द्या."

केळुसकर म्हणजे नंदनलोक रिसॉर्टच्या सभासद विभागाचे प्रमुख. बोलण्यावर पोट भरणारा माणूस. त्यांनी एक हार मागच्या पोऱ्याकडे दिला, मग काय वाटलं कोण जाणे, दुसराही दिला.

"काकू, फोनवर काही बोलला नाहीत तुम्ही."

"तुम्ही कुठं विचारलंत? तुम्ही म्हणालात, पहिले सभासद म्हणून भूमिपूजनाला जोडीनं या. मी म्हटलं, येतो. आलोय की."

असं म्हणत तिनं माझ्याकडे आणि माझ्या बायकोकडे, कल्याणीकडे, हात केला. मी गाडीची किल्ली खिशात घालत होतो. ती घालून झाल्यावर मला समजलं की पूजेला आम्ही दोघं बसायचं आहे. घरातून निघताना आईनं याचा शब्दही काढला नव्हता. अण्णांचा सप्ताह आहे, दोन दिवस जाऊन येऊ, एवढंच म्हणाली होती.

सप्ताह म्हणजे काय ते सांगतो. नंदनलोकमध्ये एकदाच पैसे भरायचे आणि पुढं पंचवीस वर्षं दर वर्षी एक आठवडा तिथली एक खोली तुमची. पाळणे, घसरगुंड्या, बर्फघर, सगळं त्यात. साताऱ्याहून गाडीनं फार तर दीड तास. अण्णांनी सही केली तेव्हा तिथं नुसता माळ होता आणि माळावर एक मोठा पाळणा. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या माणसानं हे केलं म्हटल्यावर काकांनी डोक्याला हात लावला होता. अण्णा म्हणाले, "आयुष्यभर दुसऱ्यांची धरणं बांधली, आता सात दिवस बसून पाणी बघतो." आणि खरंच, ते कधी कशात बसले नाहीत. बाकड्यावर बसून किंचाळणारी माणसं बघायचे. घसरगुंडीवरून खाली यायची ती आई. साठी उलटलेली बाई तिथला भाड्याचा पोशाख घालून पाण्यात धप्पकन पडायची आणि अण्णा हसून हसून खोकायचे.

आता तिथं दुसरा टप्पा होणार होता. नवी इमारत, चारशे खोल्या, कृत्रिम समुद्र. त्याच्या भूमिपूजनाला मालकानं पहिलं सभासद जोडपं बसवायचं ठरवलं होतं. ते जोडपं आता अर्धं उरलं होतं आणि केळुसकरांच्या चेहऱ्यावर तेच गणित दिसत होतं.

त्यांनी लांब जाऊन गुरुजींना फोन लावला. परत आले ते मोकळे होऊन. "गुरुजी म्हणतात, वर्ष व्हायचंय ते ठीक, पण जमिनीचं काम आहे. मुलगा-सून बसले तर चालेल. उलट चांगलं दिसेल, काकू. पुढची पिढी."

"तेच म्हणत होते मी," आई म्हणाली.

कल्याणीनं आईची पिशवी उचलली आणि चालायला लागली.

आईला जे माहीत नव्हतं ते असं, की कल्याणी आणि मी वेगळे झालो होतो. वर्ष होऊन गेलं होतं. साताऱ्यात माझं चष्म्यांचं दुकान, ती पुण्याला कॉलेजात शिकवायची. तिथं बदली झाली म्हणून खोली घेतली, असं आम्ही घरी सांगितलं होतं आणि ते सगळ्यांना पटलं होतं. भांडण वगैरे नव्हतं. भांडण असतं तर बरं, असं ती एकदा म्हणाली होती. मूलबाळ नव्हतं. आम्ही एका घरात राहून एकमेकांना दिसेनासे झालो होतो आणि ते तिनं आधी ओळखलं. वकिलाशी बोलणं झालं होतं. मग अण्णांचं दुखणं निघालं आणि सगळं तसंच थांबलं.

मला त्या वर्षात काही होत नव्हतं. अण्णांना पोचवून आलो तेव्हाही डोळ्यांत पाणी आलं नाही. लोक म्हणाले, उदय खंबीर आहे. खंबीर कसला? दात काढताना हिरडीत इंजेक्शन देतात, मग आपलाच गाल आपला वाटत नाही, तसं मला सगळीकडे झालं होतं. जेवायचो, दुकानात बसायचो, लोकांचे नंबर तपासायचो. माझं बरं चाललंय असंच मला वाटायचं.

खोली नेहमीचीच दिली होती, तळमजल्याची, पाळण्यासमोरची. आई बाहेर व्हरांड्यात बसली आणि आम्हाला कपडे बदलायला आत पाठवलं. मी सोवळं नेसत होतो. ते मला कधीच धड जमलं नाही. कल्याणी भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"सांगून टाकू या, उदय."

"पूजा होऊ दे."

"तू दर वेळी हेच म्हणतोस. अण्णांचं ऑपरेशन होऊ दे. अण्णा घरी येऊ देत. मग म्हणालास, दिवस होऊ देत. आता पूजा."

"तासाभराचा प्रश्न आहे. परत गेलो की मी स्वतः सांगतो."

"मला तिथं बसायला जड जाईल."

"तू कुठं देव मानतेस?"

"देव नाही मानत," ती म्हणाली. "आईंना मानते."

यावर मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी सोवळ्याच्या निऱ्या खोचल्या आणि विचारलं, "मागून बरोबर आहे का?" तिनं वळून बघितलं. "आहे," म्हणाली. पूर्वी असती तर जवळ येऊन नीट करून दिली असती. हे मला तेव्हा सुचलं नाही, नंतर कितीतरी दिवसांनी सुचलं.

माळाच्या टोकाला मांडव घातला होता. चौकोनी खड्डा, शेजारी रिबीन बांधलेली कुदळ, खुर्च्यांवर मालकांची माणसं आणि पंचवीसतीस जुने सभासद. आई पुढच्या रांगेत, अगदी समोर बसली. पलीकडच्या घसरगुंड्यांवरून किंचाळणं ऐकू येत होतं आणि पाळण्याच्या कर्ण्यावर सारखं तेच एक गाणं लागत होतं. गुरुजींनी दोनदा माणूस पाठवला, पण गाणं काही बंद झालं नाही.

पूजेत बाई उजवीकडे बसते. कल्याणी माझ्या उजवीकडे बसली. गुरुजी तरुण होते, घाईतले. "यजमान, पळीभर पाणी घ्या. वहिनी, हाताला हात लावा."

ज्यांनी कधी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पूजा करतो तो नवरा. पाणी तोच सोडतो, अक्षता तोच वाहतो. बायको त्या वेळी आपला हात त्याच्या हाताला लावून बसते. तेवढं केलं की ते दोघांनी वाहिलं असं होतं. लहानपणापासून गणपतीत, सत्यनारायणाला, कुणाच्या वास्तुशांतीला आपण हे बघत आलेलो असतो. त्यात बघण्यासारखं काही आहे असं वाटतही नाही.

मी हात पुढं केला. कल्याणीनं हात लावला. मी पाणी सोडलं, फूल वाहिलं, हळद, कुंकू, पुन्हा पाणी. "हाताला हात," गुरुजी म्हणायचे आणि तिचा हात यायचा. बऱ्याच दिवसांनी आम्ही इतके जवळ बसलो होतो. मला वाटलं होतं, काहीतरी होईल. अवघडल्यासारखं होईल, वाईट वाटेल, निदान लाज तरी वाटेल. काही झालं नाही. गुरुजी सांगतील ते करत गेलो. शेवटी कुदळ मारली, फोटो निघाले, टाळ्या झाल्या. केळुसकरांनी माझा हात दोन्ही हातांत घेऊन हलवला आणि जेवणाआधी सभासद दालनात या म्हणाले, दुसऱ्या टप्प्याचं मॉडेल बघायला.

सुटलो, असं वाटलं. तेवढं मात्र नक्की वाटलं.

कल्याणी हातपाय धुवायला गेली. आई मांडवाबाहेर सिमेंटच्या बाकावर जाऊन बसली होती. मला बघून तिनं शेजारची जागा हातानं झाडली.

"बस."

बसलो. समोरच्या पाळण्यातून एक बाई पर्स खाली पडली म्हणून ओरडत होती. आई तिच्याकडे बघत होती.

"उदय, तिचा हात लागत होता का तुला?"

"कुणाचा?"

"पूजेत. कल्याणीचा."

"हो. न लागायला काय झालं?"

"नव्हता लागत," आई म्हणाली. "एकदाही नाही. वर धरून होती ती. बोटभर वर. मी समोरच बसलेले."

मी माझ्या हाताकडे बघितलं. मनगटावर कुंकू सांडलं होतं. मी आठवायला लागलो. पळी आठवत होती, गुरुजींचा घाम आठवत होता. हात लागल्याचं आठवेना, आणि न लागल्याचंही.

"मीसुद्धा धरलाय तसा," आई म्हणाली. "दोनदा. एकदा तुझ्या आत्याच्या लग्नावरून वाजलं होतं आमचं, तेव्हा गणपतीत. चार लोक बसलेत, उठता येत नाही, मग मी हात वर धरला. म्हटलं, तुमच्या पुण्यात माझा वाटा नको. त्यांनी मान वळवली नाही काही नाही. पाणी सोडायचे थांबले आणि हळूच म्हणाले, शालन, लाव हात. त्याशिवाय पाणी सोडलं नाही त्यांनी." ती जराशी हसली. "गुरुजी बिचारे तोच मंत्र तीनदा म्हणाले."

मी मनगटावरचं कुंकू पुसायला लागलो.

"तिनं धरला याचं मला काही नाही," ती म्हणाली. "तिला राग असेल, काही असेल. बायका धरतात. पण तुला कळलंसुद्धा नाही, उदय. मी तुझं तोंड बघत होते. आत्ता कळेल, मग कळेल. पूजा संपली."

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण ते लांबून, दुसऱ्या खोलीत कुणीतरी रडत असल्यासारखं माझ्यापर्यंत आलं. मी तिला सांगितलं. पत्ता सांगावा तसं सगळं सांगितलं: पुण्याची बदली नव्हती, वर्ष झालं, वकील बघितला आहे. आई बोटातली अंगठी फिरवत बसली होती.

"यांना माहीत होतं?" तिनं विचारलं.

"नाही. त्यांना कळू दिलं नाही."

"दवाखान्यात तीन आठवडे यायची ती. त्यांचे पाय चेपायची. मी म्हणायचे, पुण्याहून रोज कशाला दमतेस."

"तिला यावंसं वाटायचं."

"आणि मला का नाही सांगितलं? मी काय काचेची आहे?"

"तुला त्रास नको म्हणून."

"मला त्रास नको म्हणून त्या पोरीला सगळ्यांसमोर तासभर हात वर धरून बसवलंस," आई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "दुखला असेल रे खांदा तिचा."

तेवढ्यात कल्याणी आली. ओले हात पदराला पुसत होती. आमच्याकडे बघितलं आणि तिच्या लक्षात आलं. तिला माझ्यासारखं समजावून सांगावं लागत नाही. ती जागच्या जागी उभी राहिली.

"आई," ती म्हणाली.

"राहू दे," आई म्हणाली. उठताना तिनं आधारासाठी हात पुढं केला. माझ्याकडे नाही, तिच्याकडे. "चल, त्यांचा समुद्र बघू."

सभासद दालनात गार हवा होती आणि मधोमध काचेच्या पेटीत दुसरा टप्पा मांडून ठेवला होता. पांढऱ्या इमारती, निळ्या प्लास्टिकचा समुद्र, हिरवी झाडं. रस्त्यांवर नखाएवढी माणसं चिकटवली होती. केळुसकर आता रंगात आले होते. हातात लांब काठी घेऊन ते एकेक दाखवत होते. इथं समुद्र, दर अर्ध्या तासाला लाट. इथं नव्या खोल्या. हा झाला की तिसरा टप्पा कोकणात, खऱ्या समुद्रावर. चौथ्याचं हिमाचलला बोलणं चाललंय. आज तुम्ही इथले सभासद आहात, उद्या कुठंही जा, सप्ताह तुमचाच.

"आणि मुख्य म्हणजे वारसा योजना," ते म्हणाले. "पंचवीसची आता पन्नास वर्षं केली आपण. साहेबांचं सभासदत्व वाया जात नाही. काकू हयात आहेत तोवर त्यांचं, आणि आजच पुढच्या जोडप्याचं नाव घातलं की सरळ यांच्याकडे. यांच्यानंतर यांच्या मुलांकडे. दोन हजार सत्तरपर्यंत बघायला नको. जेवणाच्या वेळी मालक स्वतः स्टेजवरून जाहीर करतील, इंगवले परिवार, पिढी दुसरी."

त्यांनी माझ्याकडे आणि कल्याणीकडे बघून हसून मान हलवली. मी पण हसलो. तोंड आपोआप तसं झालं.

आई काचेला नाक लावून बघत होती. "ही माणसं सगळी जोडीजोडीनंच का हो?"

"कुठली?"

"ही चिकटवलेली. नवरा, बायको, पोर. नवरा, बायको, पोर. एकटं कुणीच नाही."

"मॉडेलमध्ये तशीच मिळतात, काकू. पाकिटात तयार येतात."

"आणि खोल्या?"

"खोल्या जोडप्याला किंवा कुटुंबाला. पहिल्यापासून तसाच नियम आहे. एकट्या माणसाला कशाला हवा सप्ताह?"

"मी एकटीच आहे," आई म्हणाली.

केळुसकर गडबडले. "तसं नाही, तुमचं म्हणजे, तुमच्याबरोबर हे दोघं..."

"तुम्ही एवढं बांधताय," ती म्हणाली, "चारशे खोल्या, कोकण, हिमालय. त्यात एकट्या माणसांच्या बांधा थोड्या. एक पलंग, एक खुर्ची, खिडकी मोठी. बाकडं असलं तर आणखी चांगलं. येतील लोक. जोडपी काय, होतील तेवढी होतील. एकटी माणसं वाढणार आहेत, मी सांगते तुम्हाला. तुमचा धंदा त्यात आहे."

केळुसकरांना हे आवडलं असावं किंवा म्हाताऱ्या बाईचं मन मोडू नये असं वाटलं असावं. त्यांनी हसत हसत खिशातलं पेन काढलं. "लिहून घेतो, काकू. वरती कळवतो. पहिलं बुकिंग तुमचंच धरू. एक खोली?"

"तीन," आई म्हणाली.

ते लिहिता लिहिता थांबले. त्यांनी आईकडे बघितलं, मग कल्याणीकडे, मग माझ्याकडे. माझं हसू अजून तोंडावर तसंच होतं आणि ते कसं काढायचं ते मला सुचेना. कल्याणीनं तोंडावर हात धरला होता. डोळ्यांतून पाणी येत होतं तिच्या, आवाज अजिबात नाही. आईनं तिचा दुसरा हात धरलेलाच होता, बाकावरून उठल्यापासून तिनं तो सोडलाच नव्हता.

केळुसकर शहाणा माणूस. त्यांनी काही विचारलं नाही. तीनचा आकडा काढला, त्याच्याभोवती गोल केला आणि कामाच्या आवाजात म्हणाले, "तिन्ही एकाच मजल्यावर धरू का?"

कल्याणीनं डोळे पुसले. "माझी आईंच्या शेजारची द्या," ती म्हणाली.

"बरं." त्यांनी लिहून घेतलं. "आणि यांची?"

माझ्याकडे कुणी बघितलं नाही. त्या दोघी काचेतल्या समुद्राकडे बघत होत्या.

"कुठलीही चालेल," मी म्हणालो.